खैरनारांनी न सांगितलेला नंबर

दुपारी सव्वातीनला मीनाचा फोन आला. "गुरुजी, गेले हो..." एवढंच म्हणाली आणि पुढे नुसतं रडणं ऐकू यायला लागलं. मीना म्हणजे दिगंबर खैरनारची बायको. दिगंबर नऊ दिवस दवाखान्यात होता, डोक्याला मार होता, नऊच्या नऊ दिवस बेशुद्ध. आम्ही सगळे त्याने डोळे उघडावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. आणि फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं, ते लिहितो. ते लपवायचं असेल तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आता हा शुद्धीवर येऊन मला पुन्हा तो प्रश्न विचारणार नाही. मग स्वतःची इतकी किळस आली की मी उठून भिंतीवर कपाळ आपटलं. तीनदा आपटलं. सून धावत आली नसती तर आणखीही आपटलं असतं. टेंगूळ तेराव्यापर्यंत होतं आणि भेटायला आलेल्यांना मी पायरीवरून घसरलो असं सांगत होतो.

मी पंचवटीतला तीर्थोपाध्याय. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांचे विधी करायचे आणि त्यांच्या कुळांच्या नामावळीच्या वह्या सांभाळायच्या, हे आमच्या घरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. अस्थी घेऊन कुणी आलं की मी गाव विचारतो, आडनाव विचारतो, वही काढतो आणि त्याच्या पणज्याचं नाव वाचून दाखवतो. मग गेलेल्याची नोंद करायची, मागे राहिलेल्यांची नावं लिहायची, आलेल्याची सही घ्यायची. दोन नियम मला वडिलांनी मुंजीच्या आधीच शिकवले होते. कुळातल्या माणसानं पान मागितलं तर नाही म्हणायचं नाही. तो चोर असो, दरोडेखोर असो, पान त्याचं आहे. आणि वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर खाली नव्यानं लिहायचं, वरचं तसंच ठेवायचं, कारण वारसाच्या भांडणात या वह्या कोर्टात पुरावा म्हणून जातात. या दोन नियमांचा मला फार गर्व होता. एवढा, की कुणी न विचारताही मी ते सांगत सुटायचो.

दिगंबर आमच्याच इमारतीत, माझ्या बैठकीच्या खोलीला लागून असलेल्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मधे चार इंची भिंत. तो शिंकला तरी मला कळायचं. देवळ्याचा माणूस, सत्तेचाळीस वर्षांचा, मानेनं जाड, हातानं नाजूक कामं करणारा. बायकोशी अहिराणीत बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि संतापला की पुन्हा अहिराणीत. आणि संतापायचा रोज. एकानं "माझा चांगला पार्ट काढून घेतला" असा आळ घेतला, तर दिगंबरनं त्याचा कीबोर्ड गुडघ्यावर मोडला आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले. जुनी हार्ड डिस्क कुणी टाकायला आणली की हा ती बाहेरच्या फरशीवर ठेवून घणानं ठेचायचा. माझी संध्या चालू आणि पलीकडे धाड, धाड, धाड. मी जाऊन शिव्या दिल्या तर म्हणाला, "डिलीट केलं म्हंजे गेलं नाय, गुरुजी. ठेचलं म्हंजे गेलं." पहिली दोन वर्षं आमचं एकमेकांशी भांडणापलीकडे काही बोलणं झालं नाही.

सूत जुळलं तेही मारामारीतूनच. मी सगळ्या वह्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या आणि पासवर्ड घालून निर्धास्त होतो. एक दिवस माझा चुलतभाऊ बसस्टँडवर उभा राहून माझ्याच यजमानांना त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं मोबाइलवर बघून सांगताना सापडला. मी कुंडावर असताना तो कुणा मेकॅनिकला घेऊन माझ्या बैठकीत शिरला होता, डबा उघडून डिस्क काढली होती, सगळं उतरवून घेऊन परत बसवली होती. मी त्याला रामकुंडाच्या पायऱ्यांवर गाठला आणि ओल्या पंच्यानं झोडपला. पंचा फाटला तेव्हा तांब्या घेतला. भाऊबंदकीत माणूस किती खाली जातो हे सांगायला मला दुसऱ्याचं उदाहरण शोधावं लागत नाही. शेवटी दिगंबरनं मला मागून उचललं, पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि गाळ्यात आणून बसवलं. मी ओरडत होतो, "पासवर्ड होता ना रे माझा!" आणि तो हसत होता.

"गुरुजी, तुमचा पासवर्ड म्हंजे दाराची कडी. त्यानं दार उघडलंच नाय, सरळ भिंतच काढून नेली. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली का पासवर्ड कोन इचारतंय?" मग त्यानं मला समजेल असं सांगितलं. "तुमच्या खालच्या कपाटातल्या जुन्या वह्या मोडीत हायेत ना? त्या चोरल्या तर त्या भामट्याला वाचता येतील का? एन्क्रिप्शन म्हंजे तेच. आख्खी डिस्क अशा लिपीत लिहून ठेवायची, का किल्लीबिगर ती कुनाच्या बापाला लागनार नाय." त्याचे प्रकार होते. एक म्हणजे वेगळा प्रोग्राम घेऊन नाजूक तेवढं एका पेटीत घालायचं. त्याची किल्ली म्हणजे फक्त आपल्या डोक्यातलं वाक्य, विसरलं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. दुसरा म्हणजे कॉम्प्युटरच्या अंगचंच कुलूप. ते सगळ्या डिस्कला लागतं, सुरू करताना छोटा पिन मागतं, आणि पिन विसरला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली तर अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर मागतं. तो नंबर कुलूप लावतानाच मिळतो आणि आपण तो कुठेतरी जपून ठेवायचा असतो, इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात, पेनड्राइव्हवर, नाहीतर कागदावर. "कुलूप कुठलंबी घ्या," दिगंबर म्हणाला, "दुखनं किल्लीचं असतंय." मी दुसरा प्रकार घेतला. माझा नंबर मी कुठे ठेवला ते अर्थातच इथे लिहीत नाही. मी पिन टाकायला लागलो तेव्हा तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, तुझ्यापासून काय लपवायचं?" तर म्हणाला, "मला म्हाईत नसलं का मला कोन इचारनार नाय." गिऱ्हाईक कुणीही असो, किल्ली टाकायच्या वेळी तो पाठ फिरवायचाच.

गेल्या वर्षी एका दुपारी मी प्रिंटरचं काहीतरी घेऊन त्याच्या गाळ्यात बसलो होतो, तेव्हा ती आली. तिचं नाव लिहीत नाही. दिगंबर पूर्वी सिन्नरला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा तेव्हा त्याच्याकडे शिकलेली मुलगी, आता नाशकात नोकरी करणारी, दोन भावांबरोबर राहणारी. ओठाला टाके होते. मानेवर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन उमटला होता, कडा स्पष्ट दिसाव्यात इतका ताजा. तिला एका मुलाशी लग्न करायचं होतं, तो त्यांच्यातला नव्हता, आणि हे भावांना तिच्या मोबाइलमधून कळलं होतं. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "सर, याच्यात माझं सगळं आहे. कुठं जाणार, कुणाकडं राहणार, तिकडच्या मॅडमचे मेल, भाड्याच्या घराचे कागद. हे त्यांना दिसलं तर ते मला तिथं येऊन मारतील." हे ती रडत सांगत नव्हती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होती.

दिगंबर म्हणाला, "मंग वेगळा प्रोग्राम घेऊ. एकच वाक्य, तुझ्या डोक्यात. दुसरी किल्लीच नाय." तिनं मान हलवली. "नको सर. मार खाल्ला की माझ्या काही लक्षात राहत नाही. मागच्या वेळी दोन दिवस मला ऑफिसचा पत्ता आठवत नव्हता." मी आयुष्यभर लोकांच्या मरणांच्या नोंदी केल्या आहेत, पण त्या वाक्यानं माझ्या अंगावर जसा काटा आला तसा कधी आला नव्हता. म्हणजे कुलूप दुसऱ्या प्रकारचं हवं, विसरली तरी नंबरानं उघडणारं. पण नंबर ठेवायचा कुठे? इंटरनेटवरचं तिचं खातं थोरल्या भावाच्या फोन नंबरवर उघडलेलं होतं. पेनड्राइव्ह नको, तिची पर्स रोज तपासली जायची. कागद नको, गादीसुद्धा उसवून बघायचे. दिगंबरनं पक्कड टेबलावर आदळली, अहिराणीत एक सणसणीत शिवी हासडली आणि माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमच्या वहीत लिहा. त्या वह्यांत कोन हात घालतंय? पन एकच जागा. दोन जागा म्हंजे दोन भोकं."

मी उत्साहानं वही आणायला उठलो. सवयीनं विचारलं, गाव? आडनाव? आणि काय योग, ती आमचीच यजमान निघाली. तिच्या कुळाचं पान माझ्याकडे होतं. सात पिढ्या. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा भावांनी येऊन नोंद केली होती, खाली दोघांच्या सह्या. तिनं आईच्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आईचे सगळे फोटो याच्यातच आहेत. मोबाइलमधले त्यांनी पुसून टाकले." मग ती स्क्रीनवर बघून आकडे वाचत गेली, सहा सहाचे आठ गट, आणि मी दौत-टाक घेऊन तिच्या नावाखाली ते लिहीत गेलो. दिगंबर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी कुठल्या पानावर लिहितोय ते त्यानं बघितलं नाही. मला मात्र गावाखाली आणि कुळाखाली लिहिल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुन्हा सापडत नाही. आमच्या घरात कुणाचाच हात दुसरीकडे वळला नसता. तिला आमचा नियम माहीत नव्हता. मला माहीत होता.

तीन आठवड्यांनी चहा पिता पिता दिगंबरनं सहज विचारलं, कुठल्या पानावर लिहिलं? मी म्हटलं, "तिच्याच. कुळाच्या." त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे तिच्या भावांच्याबी?" मी म्हटलं, हो, पान कुळाचं असतं. "आन उद्या भाऊ येऊन म्हनला, पान दाखवा?" दाखवावं लागेल, मी म्हणालो. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या तुम्ही, गुरुजी! खोडा ते आत्ताच्या आत्ता. दुसरीकडं उतरवा आन खोडा." मी त्याला शांतपणे समजावायला लागलो, की आमच्या वहीत खाडाखोड होत नाही, वडिलांनी केली नाही, आजोबांनी केली नाही... तो उभा राहिला. "वही मोठी का पोरगी मोठी?" आणि मी, वय वर्षं त्रेसष्ट, रोज गीतेचा अध्याय म्हणणारा माणूस, म्हणालो, "वही." त्यानं माझ्या मुस्काटात मारली. चष्मा उडाला, एक काच फुटली, तोंडात रक्ताची चव आली. माझ्या स्वतःच्या बैठकीत, माझ्या वह्यांसमोर. मी त्याला चालता हो म्हणालो आणि नंतर दोन महिने आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही. पलीकडून घणाचे आवाज येत राहिले आणि मला वाटायचं, प्रत्येक घाव हा माझ्या नावानं घालतोय. तरी मी खोडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा तर सुंभही जळलेला नव्हता.

मग ती पळाली. घरातून नेसत्या कपड्यांनिशी, मागच्या दारानं. लॅपटॉप घ्यायला सवड मिळाली नाही. भावांनी तो एका मेकॅनिककडे नेला, त्यानं डिस्क काढून दुसरीकडे लावली आणि सांगितलं, हे अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर मागतंय, त्याच्याशिवाय होणार नाही. लॅपटॉपच्या पाठीवर दिगंबरच्या गाळ्याचं स्टिकर होतं. त्या दोघांना इतकंच पुरलं. कुलूप असेल तिथे किल्लीवाला असतोच, आणि ज्यानं कुलूप लावलं त्याच्याकडे दुसरी किल्ली असणारच, असं त्यांचं साधं गणित होतं. मेन रोडच्या फुटपाथवर बसलेला किल्लीवाला ठोकून ठोकून कुठलंही कुलूप उघडून देतो, हे आपण सगळेच लहानपणापासून बघत आलोय. त्यांना वाटलं, हाही ठोकला की उघडेल.

सकाळी साडेअकराची वेळ. बाहेर भाजीवाल्यांचा आरडाओरडा, रिक्षांचे हॉर्न. पलीकडे शटर खाली ओढल्याचा आवाज झाला आणि मग थोरला म्हणाला, "नंबर दे." दिगंबर म्हणाला, नंबर त्याच्याकडे नसतो, ज्याचं मशीन त्याच्याकडेच असतो. तेव्हा पहिला फटका बसला. तो काही गरीब गाय नव्हता. त्यानं उलट मारलं. काहीतरी फुटलं, धाकटा ओरडला. त्याचा दात पडला होता हे मला नंतर कळलं. पण ते दोघे होते आणि घण कोपऱ्यातच ठेवलेला होता. त्यांनी त्याचा डावा हात टेबलावर दाबून धरला. "सांग." धाड. "सांग." धाड. मी आवाज मोजत नव्हतो, पण बोटं पाच असतात. दर वेळी तो एकच वाक्य म्हणत होता, पहिल्यांदा मराठीत आणि मग त्याच्या आईच्या भाषेत, "मन्हाजोडे नही शे... मन्हाजोडे नही शे..." माझ्याकडे नाही. थोरला किंचाळला, "काय शे शे लावलंय रे, मराठीत बोल!" आणि पुन्हा धाड.

ते खरंच होतं, त्याच्याकडे नव्हता. पण कुणाकडे आहे ते त्याला माहीत होतं. कुठल्या वहीत, कुठल्या पानावर, सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. ज्या माणसानं त्याला घराबाहेर काढलं, त्याचं नाव घेतलं असतं तर हात वाचला असता, कदाचित जीवही वाचला असता. चार इंची भिंत होती मधे. त्यानं माझं नाव घेतलं नाही. आणि मी काय केलं? मी आतून कडी लावली. वही मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून बसलो. फोन समोर होता, तो उचलायला मला दहा मिनिटं लागली. माझी बोटं शाबूत होती आणि तरी ती हलत नव्हती. त्या दहा मिनिटांचं मी पोलिसांना सांगितलं आहे, मीनाला सांगितलं आहे, आता तुम्हाला सांगतो. भ्याडपणाला आमच्या पोथ्यांत प्रायश्चित्त सांगितलेलं असेलही, मी ते शोधायला गेलेलो नाही.

ते गेल्यावर मी शटर उचललं. तो टेबलाखाली पडला होता, डोक्याखालची फरशी लाल, हाताकडे बघवत नव्हतं. मी डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. दोन महिन्यांनी आम्ही एकमेकांना बघत होतो. ओठ हलले म्हणून मी कान खाली नेला. "गुरुजी... खोडलं का?" मी म्हणालो, "खोडलं." त्यानं डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडलेच नाहीत. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो मी. शेजारच्या खोलीत, बैठकीवर, ते आकडे जसेच्या तसे होते.

दोघे भाऊ सापडले, आत आहेत. माझी साक्ष आहे. लॅपटॉप मात्र सापडला नाही. त्यांचं म्हणणं, गोदावरीत फेकला. यावर कुणाचाच विश्वास नाही, अशी वस्तू माणूस फेकत नाही, कुणा नातेवाइकाकडे ठेवतो. दिगंबरच्या तेराव्यानंतर तिचा फोन आला, तिच्या वकीलबाईंच्या फोनवरून. मी विचारलं, "पिन आठवतो का?" म्हणाली, "नाही. सरांचं कळल्यापासून काहीच आठवत नाही." मग मी सांगितलं, की नंबर एवढ्या एकाच जागी आहे आणि ती जागा धोक्याची आहे, तुला सांगू का, की खोडून टाकू? फोनवर सांगायचा तर तिच्याकडे लिहून ठेवायला तिची स्वतःची अशी पेटीसुद्धा नव्हती, आणि पत्ता अजून तोच होता, लॅपटॉपमधला. "त्यात आई आहे, गुरुजी," ती म्हणाली. "तुम्ही ठरवा." आणि मी काय ठरवलं? काहीच नाही. टाक हातात घेऊन बसायचो आणि पुन्हा ठेवायचो... खोडलं की दिगंबरशी बोललेलं खोटं खरं झालं असतं, एवढी साधी गोष्ट. तरी हात धजत नव्हता. वही, नियम, तिची आई, सगळ्यांची ढाल करून मी बसलो होतो.

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी दहा वाजता, गावाकडे राहणारा तिचा बाप आला. हातात मडकं, लाल फडक्यानं तोंड बांधलेलं. त्याची म्हातारी आई गेली होती. माझी साक्ष त्याच्या मुलांविरुद्ध आहे हे त्याला माहीत होतं, पण त्याला दुसऱ्या उपाध्यायाकडे जाता येत नव्हतं. त्याच्या कुळाचं पान माझ्याकडे. पाटावर बसला, म्हणाला, "पोरांचं पोरांपाशी, गुरुजी. आमच्या म्हातारीला लावा वाटंला. आन पान काढा आमचं." मी संकल्पाची तयारी मांडली होती, ताम्हन, पळी, पंचपात्री भरलेली. मला सांगता आलं असतं, वही दुरुस्तीला दिलीय, वाळवी लागलीय. तोंडाला आलंही. पण वडिलांचा पहिला नियम हाडात मुरलेला, आणि हातानं आपोआप वही काढली, गाव काढलं, पान उघडलं. पान उघडल्यावर शुद्धीवर आलो. आजकाल प्रत्येक यजमान मोबाइलवर पानाचा फोटो काढतो. त्यानंही खिशातून मोबाइल काढला. बोटानं वाचत खाली आला, आईच्या नावावरून बायकोच्या नावावर, मुलांच्या, मग मुलीच्या. "हे काय लिवलंय पोरीच्या नावाखाली? फोन नंबर हाय का?" म्हणाला. "एवढा लांब?" आणि मग तो मोजायला लागला. ओठ हलताना दिसत होते मला. सहा... बारा... अठरा. त्याचा चेहरा बदलला आणि मोबाइल वर आला.

मी पान फाडलं. शिवणीपासून, एका हिसक्यात. तो माझ्यावर झेपावला, मडकं कलंडलं, आम्ही दोघे म्हातारे त्या पाटांवर एकमेकांच्या उरावर. त्यानं माझं मनगट पिरगाळलं, मी त्याला चावलो. चावलो असंच लिहितो, दुसरा शब्द नाही. पान ताम्हनात घातलं, पंचपात्री त्यावर उलटी केली आणि तळहातानं रगडलं. आमची शाई जुन्या पद्धतीची, काजळीची. पाणी लागलं की सुटते. आधी आकडे गेले, मग त्याची म्हातारी आई गेली, तिची सासू, तिचा आजेसासरा, सात पिढ्या माझ्या तळहाताखाली काळं पाणी होऊन गेल्या. त्यानं तांब्या उचलून माझ्या डोक्यात घातला, पण तोवर काम झालं होतं. कपाळावरून रक्त ओघळत असताना मी चिखल झालेल्या कागदाचा गोळा वळला. मग तो एकाएकी खाली बसला आणि सांडलेल्या अस्थी गोळा करायला लागला. "आमचे वाडवडील कुठं शोधायचे आता?" असं स्वतःशीच म्हणत होता. मी त्याला अस्थी गोळा करायला मदत केली. विधीही पुरा केला, पोट जाळायला का होईना, मी अजून उपाध्याय आहे. सहीला पान नव्हतं, म्हणून सही घेतली नाही.

संध्याकाळी मी वकीलबाईंना फोन लावला आणि तिला सगळं सांगितलं. नंबर गेला. लॅपटॉप आता कुणाच्याही हाती लागला तरी उघडणार नाही, तुझ्याही नाही. आई गेली, फोटो गेले, वहीतलं नावही गेलं. मी म्हटलं, "रड बाई, मोठ्यानं रड." ती रडली नाही. म्हणाली, "गुरुजी, बाईच्या नावानं नवीन पान काढता येतं का?" आमच्याकडे तसं कधी निघालेलं नाही. मी म्हटलं, येतं. पुढे मी विचारायचो तसंच विचारत गेलो, सवयच ती. गाव? "नाशिक लिहा." आईचं नाव? तिनं सांगितलं. "भाऊ किती?"

"एक," ती म्हणाली.

"नाव?"

तिनं नाव सांगितलं. दिगंबर तुळशीराम खैरनार, देवळा. कुळ वेगळं, जात वेगळी, तालुका वेगळा. मी दौत बाजूला सारली आणि बॉलपेननं लिहिलं. पाण्यानं जात नाही.